बरोबर चुकलं

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं, हळदीच्या गोदामावर
पत्र्याचा माळा आहे. तिथं आमचं विमान उभं असतं.
दोन जुने मॉनिटर, भंगारातून आणलेली
एसटीच्या ड्रायव्हरची सीट,
आणि हवाई दलातून रिटायर झालेला
माझा मामा, जिनगोंडा मगदूम, इन्स्ट्रुमेंट फिटर.
तो विमानाला इमान म्हणतो.
दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

चोवीस वर्षं त्यानं एकाच जातीची पेटी उघडली, मिटली.
शिलाई मशीनएवढी, पण दोघांनी उचलायची.
तिला खिडकी नाही.
तारे दिसत नाहीत, खालून कुणी सांगत नाही
पुढचं गाव कुठलं.
आत तीन भोवरे, आणि हिसके मोजणारे तीन काटे.

"डोळं बांधून ट्रॉलीत बस," मामा सांगतो,
"हिसका बसला की कळतंय का न्हाई?
हिसक्यांची बेरीज केली की वेग.
वेगाची बेरीज केली की अंतर.
भवरं सांगत्यात तोंड कुणीकडं.
संपलं."

संपत नाही, हे त्यालाही ठाऊक.
आधी पेटीला सांगावं लागतं ती कुठं आहे:
सोळा अंश एक्कावन्न मिनिटं उत्तर,
चौऱ्याहत्तर अंश चौतीस मिनिटं पूर्व.
मग दहा मिनिटं तिला हलवायचं नाही.
थांबलेल्या पेटीला भोवऱ्यांतून कळतं
की खालची पृथ्वी तासाला पंधरा अंश वळतेय,
आणि तिचा आस जिकडं, तिकडं उत्तर.
होकायंत्राशिवाय. नुसतं गप्प बसून.

कोड मी लिहिला. पहिल्या दिवशी
कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवरून उठलो,
जोधपूरला उतरलो.
पेटीचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर.
मी टाळीसाठी हात पुढं केला.
मामानं चष्मा काढला.
"ही पेटी न्हाई. हे कॉपी करणारं पोरगं हाय."

खरंच होतं.
सिम्युलेटरला जागा आधीच माहीत, जग त्यानंच काढलेलं.
माझी पेटी त्याच्या खांद्यावरून बघून
उत्तर लिहीत होती.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी चूक लिहायला बसले.
भोवऱ्याला किंचित कल:
तासाला अंशाचा शंभरावा भाग,
रोज वेगळा, चालू करताना फासे टाकून.
काट्याला जरासं खोटं वजन.
उचललं जाणं आणि जड असणं यातला फरक
पेटीला कळत नाही,
म्हणून गुरुत्व आठवणीनं वजा करावं लागतं.
ती वजाबाकी चुकली तर चूक
सरळ पळत नाही, झोका घेते.
एक येरझार, चौऱ्याऐंशी मिनिटं,
जणू दोर पृथ्वीच्या पोटापर्यंत लांब.
हे वाचलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले.

पुन्हा जोधपूर.
दोन तासांनी पेटी म्हणाली, पोचलो.
खिडकीत नुसती वाळू.
धावपट्टी डावीकडं, सव्वा मैलावर,
कुणाचा तरी पट्टा पडून राहिल्यासारखी.
मामा सीटवरून अर्धा उठला.
"आत्ता!" म्हणाला, "आत्ता कसं बरोबर चुकलं!"

आता तो रोज संध्याकाळी येतो.
ती दहा मिनिटं एका बटणानं टाळता येतात.
टाळू देत नाही.
हात मांडीवर, पाठ ताठ, बोलायचं नाही.
पडद्यावर आकडा उलटा उतरतो.
त्याच्यामागं भोवरा नाही, काटा नाही,
आमच्या हलण्याची कुठंच नोंद नाही.
तरी चहावर साय धरते, आणि मी नाक खाजवत नाही.

काल सातव्या मिनिटाला
खाली कुणी हळदीचा ट्रक मागं घेतला.
पत्रा थरथरला, कप थरथरला,
फटींतून पिवळी धूळ वर आली.
मामानं मान न वळवता विचारलं,
"हे धरलंस का तुझ्यात?"
नव्हतं धरलं.
"मग धर. इमान हाललं. पयल्यापास्नं."
आणि हात लांब करून
त्यानं आकडा परत दहावर नेला.